काकूंच्या मागे राहिलेली पिठी

मांजरीचे किस्से कोणी जमवत नाही, ते आपोआप जमतात. एकीच्या दुधात तोंड, दुसरीच्या धुतल्या चादरीवर पंजे, आणि संध्याकाळी चौघी ओट्यावर बसल्या की त्याचा झाला किस्सा! धंतोलीमागच्या आमच्या बैठ्या चाळीत भोयर काकूंच्या पिठीचे इतके किस्से आहेत, की एकीचा संपायच्या आत दुसरी सुरू करते. फक्त एक होतं. हसता हसता कोणीतरी ‘काकू’ म्हणतं, आणि मग जी ती दिवा लावायला उठते.

पिठी म्हणजे पिठाच्या डब्यात लोळून आल्यासारखी पांढरी मांजर. काकू-काका आमच्या भिंतीला भिंत लागून राहायचे. मूलबाळ नव्हतं. काका कचेरीतले हेडक्लार्क, अगदी अबोल. काकू गेल्या आणि पिठीचं काय करायचं, हा प्रश्न चाळीपुढे आला. तो माझ्या हातात दात रुतेपर्यंत सुटला नाही.

* * *

आधी काकूंचाच किस्सा सांगते. त्या असताना पिठीची कोणाला भीती नव्हती, म्हणजे मला सोडून. संध्याकाळी काकू दारोदार विचारत फिरायच्या, “माझ्या पिठीनं काही केलं का वं?” दूध सांडलं असलं तर दूध आणून द्यायच्या, चादर मळली असली तर स्वतः धुवून द्यायच्या.

एकदा तिवारी चाचीनं चाळ डोक्यावर घेतली. “हमारी पूरी मलई खा गई तुम्हारी बिल्ली! आत्ता, आत्ता खा गई!”

काकू दहा मिनिटांत आल्या. एका हातात सायीची वाटी, दुसऱ्या काखेत पिठी. पिठीचा पाय दुखावला होता म्हणून सकाळपासून काकूंनी तिला घरात कोंडून ठेवलं होतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

काकूंनी वाटी चाचीच्या ओट्यावर ठेवली आणि हळूच म्हणाल्या, “पोराच्या मिशा पुसून घ्या, चाची.”

* * *

काकूंना जायला आठवडासुद्धा लागला नाही. ताप काय आला, दवाखान्यात काय नेलं, सगळं घाईघाईत.

तेरवीच्या दिवशी काकघास मागच्या भिंतीवर ठेवला. कावळा येईना. पानं मांडलेली, लोक खोळंबलेले. काकांच्या थोरल्या बहिणीनं पदर पसरला, “मी पाहीन वं तुह्या घराकडे, खाऊन घे!” कावळा येईना. भटजी घड्याळ बघायला लागले.

तेवढ्यात पिठी भिंतीवर चढली. वास घेतला. वरणभात खाल्ला, वडा खाल्ला, पान चाटून साफ केलं आणि तिथंच तोंड पुसत बसली.

भटजींनी डोळे मिटून घेतले. सगळे काकांकडे बघायला लागले. काका म्हणाले, “पोचलं तिले. वाढा पानं.”

* * *

पण तेरवी झाल्यावर तेच काका बदलले. “मांजर हिचं होतं. मले काहून सांगता?” एवढंच बोलायचे.

काकू सकाळी मागचं दार उघडून पायरीवर बशी ठेवायच्या. ते दार आता बंद झालं. काका पुढूनच जायचे, पुढूनच यायचे. पिठी मात्र गवळ्याच्या सायकलची घंटी वाजली की मागच्या पायरीवर येऊन दाराकडे तोंड करून बसायची. बरंच ऊन चढलं की उठायची आणि ज्याचं दार उघडं दिसेल त्याच्या घरात शिरायची.

बहुतेक वेळा आमच्या! माझी बी. ए. फायनलची परीक्षा होती. मे महिन्याची दुपार, कूलर चालू, मी खाटेवर पडून वाचत होते. पिठी कूलरच्या टाकीतलं पाणी प्यायला वर चढली, घसरली, आणि ओलीचिंब माझ्या मानेवर पडली.

मी अशी ओरडले की तिवारीजी लाठी घेऊन आले. “चोर किधर है?”

“चोर नाही, मांजर आहे,” आई म्हणाली.

“तो बेटी इतना काहे चिल्लाई?”

“तिला घाबरायला चोर लागत नाही हो. कपबशी फुटली तरी पुरते.”

* * *

एका रविवारी पिठीनं मेश्राम वहिनींच्या घरातली मासोळी पळवली. वहिनी शाळेत शिकवतात, आवाज खणखणीत. पदर खोचून थेट काकांच्या पुढच्या दारात.

“काका, तुमच्या मांजरीनं माझ्या घरचं जेवण नेलं! पाळायची तर नीट पाळा!”

“माझं कुठचं? माझ्या घरात तं येत बी नाही ते.”

“मग कोणाचं आहे?”

काकांनी दार लोटून घेतलं. वहिनी भांडायच्या तयारीनं मागे गेल्या, तर बंद दाराच्या पायरीवर पिठी बसलेली. मासोळी समोर तशीच, एक घाससुद्धा न खाल्लेली. आणि पिठी दाराकडे बघून ओरडत होती.

वहिनी परत आल्या. आईनं विचारलं, “काय झालं वं? मिळाली का मासोळी?”

वहिनींनी डोळे पुसले. “राहू दे. काटे फार होते तिच्यात.”

* * *

तरी असं किती दिवस चालणार? चाचीचं दूध रोज जायचं. कोणीतरी पिठीला दगड मारला, ती लंगडायला लागली. तिवारीजींनी तोडगा काढला. गांधीबागेत त्यांच्या ओळखीच्या एका कापडवाल्याच्या गोदामात उंदीर झाले होते. तिथं पिठीची सोय होणार होती. पोटभर उंदीर, डोक्यावर छप्पर!

पोत्याचं तोंड धरायला मी. का, तर मीच रिकामी होते! मी म्हटलं, मला भीती वाटते. तिवारीजी म्हणाले, “अरे, पढ़ी-लिखी लड़की हो!” जसं काही बी. ए.ला पोतं धरायचा पेपर असतो.

वहिनींनी पिठीला उचललं. पोतं बघितल्याबरोबर ती वळली आणि माझ्या अंगठ्याखाली कडकडून चावली. मी किंचाळले. पोतं एकीकडे, मी एकीकडे, पिठी भिंतीपलीकडे.

तिवारीजी रक्त बघून पांढरेफटक पडले. मीच त्यांना खाटेवर बसवलं आणि पाणी दिलं!

* * *

डॉक्टरांचा दवाखाना कोपऱ्यावरच. त्यांनी जखम साबणानं धुतली, वाहत्या पाण्याखाली कितीतरी वेळ धरली आणि विचारलं, “मांजर कोणाची?”

मी आईकडे बघितलं. आईनं माझ्याकडे.

“अहो, पाळलेली आहे की बेवारशी? मालक असेल तर दहा दिवस कोंडून लक्ष ठेवू दे. चांगली राहिली तर सुटलीस. पिसाळली तर पोटात चौदा इंजेक्शनं.”

मी तिथंच रडायला लागले. घरी येईपर्यंत आईनं माझा हात सोडला नाही. तशीच ती काकांच्या दारात गेली आणि सगळं सांगितलं. पिठीला शोधायचं कुठं, धरायचं कोणी, ठेवायचं कुठं? माझ्या एकुलत्या एक पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे, असंही म्हणाली.

काकांनी माझ्या पट्टीकडे बघितलं. आत गेले. आणि आम्हाला मागच्या दाराची कडी निघाल्याचा आवाज आला. गंजली होती, चारदा ठोकावी लागली.

त्यांनी हाक मारली नाही, की चुचकारलं नाही. दार उघडून नुसते उभे राहिले. पिठी कुठूनशी आली, त्यांच्या पायांमधून आत गेली आणि चुलीजवळ जाऊन बसली.

* * *

ते दिवस मी कसे काढले! कोणी सांगितलं होतं, तो रोग झाला की पाण्याची भीती वाटते. मी उठल्या उठल्या पेला भरायची आणि बघत बसायची. भीती वाटते का? पण मला मुळात सगळ्याचीच भीती वाटते, मग कळणार कसं!

माझ्या जिवासाठी चाळीनं पिठीला जगवायचं ठरवलं. चाची साय देऊन गेली. वहिनी मासोळीचे काटे काढून, कुस्करून पाठवायच्या. तिवारीजी सकाळ-संध्याकाळ खिडकीतून विचारायचे, “महारानीजी की तबियत?”

आणि काका कचेरीत जायच्या आधी भिंतीवरून ओरडायचे, “सुधे, प्यायली वं दूध!” मग माझ्या घशाखाली चहा उतरायचा. इतक्या वर्षांत त्यांचा एवढा मोठा आवाज आम्ही ऐकला नव्हता.

एका सकाळी आवाज आलाच नाही. मी वाट बघितली. चहा गार झाला. मेली! पिठी मेली आणि काकांना सांगवत नाही! मी चपलाही न घालता धावले, मागचं दार ढकललं. “काका, काय झालं?”

काका खुर्चीत बसले होते. अंगात कचेरीचे कपडे, एका पायात बूट. त्यांच्या दुसऱ्या, अनवाणी पावलावर डोकं ठेवून पिठी झोपली होती.

काकांनी ओठांवर बोट ठेवलं. “हळू बोल ना वं. आत्ताच डोळा लागला तिचा.”

* * *

मुदत संपली तेव्हा पिठी गुबगुबीत झाली होती आणि मी हडकले होते. आईनं देवापुढे साखर ठेवली. वहिनींनी मला मिठी मारली. तिवारीजींनी गांधीबागेच्या गोदामाचा विषय पुन्हा काढला. उंदीर अजून होतेच म्हणे.

संध्याकाळी काका आमच्या दारात आले. त्यांच्या हातात धुतलेली बशी होती, ती खाली ठेवायचं त्यांना सुचत नव्हतं.

“डॉक्टरकडे जाऊन आली का?”

“आता कशाला काका? दहा दिवस झाले. पिठी ठणठणीत आहे. सोडून द्या तिला.”

“हो. ते तं आहेच.” ते वळले, दोन पावलं गेले, परत आले. “पण एकदा जाऊन तं ये. डॉक्टर लोकाईचं काही सांगता येत नाही. मांगून म्हणतील, आणखी दहा दिवस पाहाले पाहिजे होतं.”

“असं नाही म्हणणार ते.”

“विचारून तं पाह्य, सुधे,” काका म्हणाले. “तवर मी ठेवतो तिले कोंडून.”