अकरा बायकांचा फोटो आणि माझ्या टिकल्या

टिकली ओढली आणि टिकलीबरोबर बाईचं कपाळच निघून आलं.

खरी बाई नाही, फोटोतली. पण त्या टायमाला मला दोन्ही सारखंच वाटलं. माझ्या बोटावर मरून टिकली, तिच्या पाठी काळपट साल चिकटलेली, आणि फोटोत त्या बाईच्या कपाळावर पांढरा गोल. अजून आठ टिकल्या बाकी होत्या, आठ बायकांच्या कपाळावर. आणि टेबलाखाली माझी स्वरा, अडीच वर्षांची, टिकलीचं रिकामं पाकीट हातात घेऊन एकदम खूश.

"मम्मी, छान दिसतात ना सगळ्या?"

साडेबारा वाजलेले. चार वाजता फोटोचा मालक यायचा होता.

आधी माझं काम सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी फोटो स्टुडिओत आहे. कळव्यात एका वाचनालयाच्या वर आमची एक खोली आहे. कोपरीपासून शीळफाट्यापर्यंत आणि पुढे कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या जुन्या गावांतली पत्रं, पेपरातली कात्रणं, फोटो आम्ही जमा करतो. लोक पेटी देतात, आम्ही एकेक कागद रजिस्टरला चढवतो, नंबर देतो, स्कॅन करतो आणि ज्याचं त्याला परत देतो. इथली मिठागरं गेली, शेतं गेली, आता टॉवर आले. उद्या कोणी विचारलं की इथे आधी कोण राहायचं, तर दाखवायला काहीतरी पाहिजे ना, म्हणून.

आम्ही म्हणजे मी आणि सर. सर शाळेतून रिटायर झालेले, डोंबिवलीचे. मी दहावीला दोनदा बसली, दोन्ही वेळा गणितात उडाली. मग चार वर्षं पार्लरमध्ये होती. सरांनी मला घेतलं कारण माझा हात हलका आहे आणि मी जुनं मोडी सोडून कसलंही अक्षर वाचते. नोकरीत पक्की व्हायला अजून दीड महिना होता.

आमच्याकडे एक नियम आहे. टेबलावरून उठलं की फोटो फोल्डरमध्ये आणि फोल्डर खणात. मग ते दोन मिनिटांसाठी का असेना. त्या दिवशी खालून कुरिअरवाल्याने हाक मारली, सही पाहिजे बोलला. मी फोटो तसाच टेबलावर ठेवून खाली गेली. स्वराला सांभाळणाऱ्या शेजारच्या वहिनी गावी गेलेल्या म्हणून ती माझ्यासोबत होती, आणि माझी पर्स खुर्चीवर होती. पाच मिनिटं, जास्त नाही. म्हणजे चूक पोरीची नाही, माझी. हे मी आधीच सांगून टाकते.

आमच्या घरात आरशावर टिकल्या, कपाटावर टिकल्या, बाथरूमच्या टाइलवर टिकल्या. मी रात्री काढते, कुठेतरी चिकटवते, सकाळी तीच ओढून परत लावते. तुमच्याकडे पण तसंच असेल. पोरगी तेच बघत मोठी झाली. मला पण तेच वाटलं, आरशावरून निघते तशी फोटोवरून निघेल.

आता फोटो कुठला ते सांगते. मिठागरात काम करणाऱ्या अकरा बायका, प्रौढ साक्षरता वर्गाच्या. ओळीत उभ्या, प्रत्येकीच्या हातात पाटी आणि पाटीवर खडूने आपापलं नाव. पहिल्यांदा नाव लिहिता आलं म्हणून मास्तरांनी फोटो काढून घेतलेला. अकरापैकी दहा जणींच्या कपाळाला मोठं कुंकू. एकीचं कपाळ रिकामं. तिच्या पाटीवर चांगुणा. ती भोईरकाकांची, म्हणजे फोटोच्या मालकाची आई, नवरा लवकर गेलेला. काका आता सत्तरच्या पुढचे, आणि त्यांच्याकडे आईचा हा एकच फोटो.

पांढरा गोल चांगुणाबाईंच्याच कपाळावर होता.

मी जिन्यात जाऊन हाक मारली, सर खाली पेपर वाचत होते. दोन दोन पायऱ्या चढत वर आले. टेबलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मनीषा, आधी हात मागे घे."

"सर, मी फक्त एक ओढली."

"मला दिसतंय. आता दुसरीला हात लावू नकोस. रडायचं असेल तर तिकडे जाऊन रड, फोटोवर थेंब पडायला नको."

मग त्यांनी मला समजावलं, ते तुम्हाला पण सांगते. जुन्या काळ्यापांढऱ्या फोटोत चित्र कागदात नसतं. कागदावर एक पातळ थर असतो, दुधावरच्या सायीसारखा. त्याला इमल्शन म्हणतात. चित्र त्या सायीत असतं. वरून काही चिकटलं आणि ओढलं, तर साय निघून येते आणि खाली उरतो कोरा कागद. गेलं ते गेलं.

"स्कॅन आहे ना आपल्याकडे?" सरांनी विचारलं.

"मोबाईलवर काढलेला आहे, रजिस्टरसाठी. मोठा स्कॅन आजच करायचा होता."

सर खुर्चीत बसले. मुंबईत एक मॅडम आहेत, खराब झालेले कागद नीट करतात, त्यांना फोन लावला. त्या बोलल्या पुढच्या आठवड्यात येते, तोपर्यंत हात लावू नका. पण रविवारी काकांच्या गावात समाजाच्या हॉलमध्ये प्रदर्शन होतं आणि हा फोटो मधोमध लागणार होता. त्यासाठीच काका चार वाजता न्यायला येणार होते.

मी टिकलीच्या कडेकडे बघत बसली. बघता बघता डोक्यात आलं की हे काम मी केलेलं आहे. पार्लरमध्ये थ्रेडिंग करताना दोरा कातडीला घासून सरकवायचा असतो, ओढायचा नसतो. ओढला की बाई ओरडते. टिकलीच्या खालून दोरा घातला आणि करवतीसारखा हळूहळू नेला, तर दोरा गमातून जाईल, साय खाली राहील. दोऱ्याचं रीळ पर्समध्येच असतं, संध्याकाळी चाळीतल्या बायकांच्या आयब्रो करते मी.

"सर, दोऱ्याने निघेल."

"कशावरून?"

"करून बघू. पण यावर नाही. दुसरा जुना फोटो पाहिजे, कोणाला नको असलेला."

"इथे नको असलेला फोटो एकही नाही," सर बोलले. मग स्वतःचं कपाट उघडलं. त्यांच्या डी.एड.च्या बॅचचा फोटो काढला, तसाच काळापांढरा, तीस-चाळीस मास्तर. "यावर कर. मी मागच्या रांगेत आहे, मला सोड. समोर बसलेले प्राचार्य आहेत, त्यांना लाव."

पाकिटात टिकली उरली नव्हती. मी माझ्या कपाळावरची काढली आणि प्राचार्यांना लावली. त्यांची मिशी एवढी मोठी होती की स्वरा टेबलाखालून बाहेर येऊन बघायला लागली. एरवी मी हसून हसून लोळली असती. दोरा ताणून घेतला, कडेने आत घातला, जरा पुढे, जरा मागे. श्वास पण घेत नव्हती. तीन-चार मिनिटांत टिकली सुटली. प्राचार्यांचं कपाळ जागेवर होतं, फक्त गमाचा चकचकीत डाग.

सर वाकून वाकून बघत होते. "हे तुला कोणी शिकवलं?"

"पार्लरवाल्या ताईने."

"त्यांना सांग, मी आभारी आहे."

मग मी त्या आठ जणींच्या टिकल्या काढायला बसली. एकीला दहा मिनिटं, एकीला पंधरा. एका टिकलीला मध्ये खडा होता, ती जास्त जड गेली. सर बाजूला भिंग धरून उभे, "थांब, तिथे उचलतंय, दुसऱ्या बाजूने ये," असं चालू. डाग पुसायला गेली तर सरांनी हातावर चापट मारली, तो मॅडमसाठी ठेवायचा. अडीच वाजता आठवी निघाली. आठही बायका शाबूत. लगेच मोठा स्कॅन करून घेतला. स्वरा माझ्या ओढणीवर झोपून गेलेली.

पण चांगुणाबाईंच्या कपाळावरचा गोल तसाच.

सर कॉम्प्युटरवर बसले. मोबाईलच्या फोटोतून कपाळ उचललं, मोठ्या स्कॅनवर बसवलं, कडा मिटवल्या. अर्ध्या तासात चांगुणाबाई नीट झाल्या. खरं सांगते, मला स्वतःला कळेना कुठे गोल होता.

"हे प्रिंट करून देऊ," सर हळूच बोलले. "फ्रेममध्ये. मूळ फोटो आपल्याकडे जपून ठेवतो म्हणून सांगू. भोईरांचे डोळे आता तितके चांगले नाहीत."

"म्हणजे सांगायचं नाही?"

"मनीषा, नीट ऐक. त्या गावातल्या चौदा घरांनी पेट्या द्यायचं कबूल केलंय. प्रदर्शन बघून देतो म्हणाले. त्यात मिठागरांची पत्रं आहेत, संपाची कात्रणं आहेत. दुसरीकडे कुठेही नाहीत. इथे फोटो खराब होतात असं एकदा गावात झालं, की एक पेटी येणार नाही. तुझी नोकरी हा नंतरचा विषय."

सर लबाड नाहीत. स्वतःसाठी बोलत नव्हते, मला माहीत आहे. आणि मला पण तेच पाहिजे होतं, आतून मी सुटल्यासारखी झाली. घरभाडं, पोरगी, दुसरीकडे दहावी नापासला कोण घेतो, सगळं डोक्यात फिरलं. मी बोलली, "चालेल सर." सरांनी प्रिंट काढली आणि प्रदर्शनासाठी आणलेल्या नव्या फ्रेममध्ये बसवली.

काका साडेतीनलाच आले. पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी, आत टॉवेल. फोटो गुंडाळून न्यायला घरून टॉवेल आणलेला.

"काय गो पोरी, झाली का आमची आयस तयार?"

सर नवीन फ्रेम पुढे करत होते. काकांनी ती घेतली, जवळ धरली आणि चांगुणाबाईंच्या तोंडावरून अंगठा फिरवला. काचेवरून. रोज फिरवत असणार असं वाटलं. माझ्या तोंडातून निघून गेलं.

"काका, हा खरा नाय. खरा माझ्याकडून खराब झाला."

सर खिडकीकडे बघायला लागले.

मी सगळं सांगितलं, कुरिअर, पर्स, टिकल्या, मी ओढली ती. एका दमात. खणातून खरा फोटो काढून समोर ठेवला. काकांनी डोळ्याजवळ नेला, लांब नेला.

"पोरीनं पयली कुनाला लावली?"

"तुमच्या आईंनाच. ती बोलली, हिला टिकली नाय म्हणून."

मला वाटलं आता नरम होतील. नाही झाले.

"माझे आयशीनं जन्म काढला रिकाम्या कपालानं," ते बोलले. "कुनी लग्नात पुढं बोलवला नाय तिला. तिचं जे व्हता ते तसाच दाखवाचा व्हता मना. तुमी ते पन पुसलात." मग सरांकडे वळले. "आनि तुमी मास्तर, तुमी मना कंप्युटरची आय देत व्हते."

सरांनी मान खाली घातली. त्यांना तसं मी कधी बघितलं नव्हतं.

काकांनी नवीन फ्रेम टेबलावर पालथी ठेवली. खरा फोटो टॉवेलात गुंडाळला. दारात थांबले.

"रयवारी हाच लागंल, असाच. आनि तू याचाच. फोटोचे बाजूला हुबी राहाचा. जो इचारंल, त्याला तूच सांगाचा काय झाला ते."

रविवारी सकाळी नऊपासून मी हॉलमध्ये उभी. सर पण आले, न सांगता, माझ्या बाजूला उभे राहिले. जो येईल तो विचारायचा, हा गोल काय. मी सांगायची. चाळीस वेळा तरी सांगितलं असेल. एक आजी बोलली, तुझे पोरीला अक्कल हाय, आमाला नव्हती. एक बाई बोलली, लहान पोर घेऊन कामाला यायचं कशाला. एक दादा नुसता बघून "वा" बोलला आणि गेला, तो "वा" मला अजून टोचतो. दोन म्हाताऱ्यांनी मात्र अकराही बायकांची घरं सांगितली, कोण कोणाची जाऊ, कोण कुठून दिलेली, ते सगळं मी तिथेच उभी राहून लिहून घेतलं. रजिस्टरला आधी नुसती पाटीवरची नावं होती.

चौदापैकी नऊ घरांनी पेट्या दिल्या. पाच घरं 'नाही देत' बोलली. त्या पाचातल्या एका घरात गणपतीच्या आधी साफसफाई निघाली आणि पेटी, आतल्या सगळ्या पत्रांसकट, रद्दीत गेली. आम्हाला कळलं तेव्हा दोन दिवस झालेले. सर रद्दीवाल्याकडे जाऊन आले, रिकाम्या हाताने.

मी पक्की झाली. मुंबईच्या मॅडमनी माझ्याकडून दोऱ्याचं काम शिकून घेतलं, आणि आमच्या दारावरच्या पाटीवर आता चहा, शाई आणि टिकली, तिन्ही आत आणायचं नाही असं लिहिलंय. काका महिन्यातून एकदा येतात, स्वराशी बोलतात, सरांशी अजून कामापुरतंच.

त्या रद्दीत गेलेल्या पेटीचं मला पण कळतं. मी गप्प बसली असती तर ती पत्रं आज आमच्या खणात असती. काकांना बहुतेक कधीच कळलं नसतं. मी बोलायचं ठरवून बोलली नाही, तोंडातून गेलं, म्हणून शाबासकी पण घेता येत नाही. कामात मी एवढंच शिकली की उठताना फोटो खणात टाकायचा. बाकीचं मला अजून सुटत नाही.

तुमच्यासमोर काका तसा काचेवरून अंगठा फिरवत उभे असते, आणि पाठी चौदा पेट्या असत्या, तर तुम्ही काय केलं असतं?