पाच पाऊण पावणेचार

मी बांधलेली पहिली खोली संगमरवरी होती आणि मी तिच्यात अडकून पडले होते.

खोली अक्षरांची होती, अडकणं मात्र खरं. नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. ठाण्याच्या कोळीवाड्यातून मी रोज डोंबिवलीला यायची. मानपाड्याला स्प्रिंगा बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात मी कॉम्प्युटर ऑपरेटर होते. साहेबांनी परदेशी गिऱ्हाइकांच्या पत्रांसाठी टेलिफोनवरून चालणारं इंटरनेट घेतलं होतं. स्वस्तातलं, म्हणून नुसती अक्षरं येणारं. एका गिऱ्हाइकाकडच्या टायपिस्टने पत्राखाली सहज एक पत्ता लिहिला होता: वेळ मिळाला तर इथे डोकाव, मजा असते. मी भीत भीत साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "जेवणाच्या सुट्टीत फोन नुसता बसून असतो. बघ की. काही बिघडवू नकोस म्हणजे झालं." पुढे रजेवरून आमची बरीच भांडणं झाली, पण त्या एका वाक्यासाठी मी त्यांना सगळं माफ केलं आहे.

तो पत्ता होता एका बनवलेल्या जगाचा. तिथे शिरलं की काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटायची: तू चौकात उभी आहेस, उत्तरेला बाग आहे. उत्तर असं टाइप केलं की बागेचं वर्णन यायचं. देशोदेशीची माणसं एकाच वेळी तिथे हिंडत, एकमेकांशी बोलत. आणि ज्याची इच्छा असेल त्याला तिथे स्वतःची जागा बांधता यायची. आज्ञा लिहून खोली करायची, तिचं वर्णन लिहायचं, तिच्यात वस्तू ठेवायच्या, आणि मग त्या वस्तूंना अक्कल शिकवायची: कुणी आलं की असं कर, कुणी हात लावला की तसं बोल. नवख्याला एक महिना मिळायचा. महिन्याअखेर तिथली जाणती मंडळी तपासून बघत. पसंत पडलं तर ते जगात कायम राहायचं, नाहीतर पुसून टाकत.

मी मराठी शाळेतली. शेजारी डिक्शनरी उघडी ठेवून, डब्यातला घास तोंडात धरून मी संगमरवरी महाल बांधला. कारंजं, झुंबर, सगळं. मग ऐटीत आत गेले, आणि बाहेर येता येईना. दारच नव्हतं! जरा वेळाने पडद्यावर ओळ उमटली: "अडकलीस का? सगळेच अडकतात." तिचं इंग्रजी मी माझ्या मराठीत सांगते आहे. "इथे जायचं दार आणि यायचं दार वेगवेगळं करावं लागतं. एक केलं म्हणून दुसरं आपोआप होत नाही."

ही माझी गुरू, तिथल्या जाणत्या मंडळींपैकी एक. थंड देशातल्या एका बंदराच्या गावी राहणारी निवृत्त बाई. आमची जेवणाची सुट्टी म्हणजे तिच्याकडची सकाळ, पहिल्या चहाची वेळ. ती मला शेवटपर्यंत दिसली नाही, तिचा आवाजही मी ऐकला नाही. तिने मला दार करायला शिकवलं, मग दिवा, मग कुणी आत आलं की मान वर करणारं मांजर. एकेक ओळ मी दहा वेळा चुकायची आणि वैतागून 'जमत नाही' असं मोठ्या अक्षरांत लिहायची. ती तितक्याच शांतपणे लिहायची, "स्वल्पविराम राहिला." दर वेळी स्वल्पविरामच राहिलेला असायचा. मला इतका राग यायचा!

महाल तिने एकदा फिरून बघितला. दोन दिवसांनी विचारलं, "तुझ्या घराच्या खिडकीतून काय दिसतं?"

ऑफिसात मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं की माझे बाबा खाडीत मासे मारतात. वडिलांचा धंदा आहे, एवढंच सांगायची. आई बाजारात मासळी विकायची आणि मी दोनदा साबण लावून घराबाहेर पडायची. आता तर तेही संपलं होतं. खाडीत मासळी राहिली नव्हती, जाळ्यात नुसता कचरा यायचा. त्याच वर्षी बाबांनी होडी विकली. उरणकडचा माणूस येऊन ती घेऊन गेला तेव्हा बाबा धक्क्यावर गेलेच नाहीत, घरात भिंतीकडे तोंड करून बसले. मग माजिवड्याला एका बांधकामावर वॉचमन म्हणून लागले. खाडीचा विषय घरात निघेनासा झाला.

त्या बाईला मी लिहिलं, "खाडी दिसते."

"मग ती बांध."

महाल मी एका आज्ञेत पुसला. आठ दिवसांत धक्का बांधला, गाळ केला, पाणी केलं. आणि पाण्यात बाबांची होडी ठेवली: निळी, पुढच्या टोकाला पिवळा पट्टा, मागच्या फळीवर बसून बसून गुळगुळीत झालेली जागा. होडीत चढता यायचं, वल्हं मारता यायचं. पाण्याला भरती-ओहोटी दिली. ओहोटीला होडी गाळात रुतायची, भरतीला तरंगायची. हे लिहिताना प्रथमच माझा एकही स्वल्पविराम राहिला नाही. महिना संपायच्या आत हे पसंत पडायला हवं होतं. एक होडी मी काही न करता जाऊ दिली होती. ही जाऊ द्यायची नव्हती.

मुदतीला दहा दिवस उरले तेव्हा मी ती बाईला दाखवली. ती दोन-तीन दिवस येऊन बघून गेली आणि मग तिने लिहिलं: "सुंदर आहे. पण मी आत्ता पसंत करू शकत नाही. मी रोज याच वेळी येते आणि रोज पाणी भरलेलं असतं. माझ्या गावाला तसं होत नाही. तुझ्या गावाला होतं का?"

खरं सांगायचं तर मी दुपारी एकची भरती मुद्दाम ठेवली होती, माझ्या सुट्टीत होडी तरंगती दिसावी म्हणून. सहा तासांनी ओहोटी, सहा तासांनी भरती, शाळेत शिकवलं तसं. माझं डोकंच फिरलं. त्या जगात उडते किल्ले होते, बोलणारे उंट होते, त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. आणि माझ्या पाण्याला मात्र घड्याळ लावून बघायचं! मी निरोपही न घेता फोन तोडला. दुसऱ्या दिवशी तिकडे फिरकले नाही. साहेबांनी विचारलं, "काय गं, आज खेळ नाही?" तर त्यांच्यावरही खेकसले.

रात्री जेवताना मी तणतणत होते. आईला कॉम्प्युटरमधलं काही कळलं नाही, भरतीचं तेवढं कळलं. ती हसायला लागली ती थांबेचना. "कोल्याची पोर, आनि भरती रोज एकाला!"

बाबांनी ताटातून मान वर केली. कित्येक महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललेलं मी पाहिलं.

"रोज एकाला वाजतो तो फॅक्टरीचा भोंगा," ते म्हणाले. "पानी तिथी बगून येतं. आज काय हाय?"

"मला काय माहीत, बाबा? तू सांग ना."

"पाऊनकी येते का?"

येत नव्हती. आमच्या वेळेला शाळेतून पाव-पाऊण-सव्वाचे पाढे गेलेच होते. चौथीपर्यंत शिकलेल्या माझ्या बाबांनी मला, बारावी पास आणि वर कॉम्प्युटरचा कोर्स केलेल्या मुलीला, बोटांच्या पेरांवर पाऊणकी शिकवली. एक पाऊण पाऊण. दोन पाऊण दीड. तीन पाऊण सव्वादोन. चार पाऊण तीन. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. पुनवेनंतर पुन्हा एकापासून मोजायचं. "आनि आपल्या खारीत पानी आत याला अर्धा तास जास्ती धर," ते म्हणाले. मग विचारलं, "निवटं टाकलीस का?"

गाळात उड्या मारणारे ते डोळे वटारलेले मासे मी विसरलेच होते. निवटी नाहीत म्हटल्यावर बाबा इतके खवळले की त्यांचं जेवण तसंच राहिलं. कुठल्या बाजूला कालवं, बगळा कुठे उभा राहतो, होडीचा दोर कोणत्या खुंटाला, सगळं सांगत सुटले. मी कॅलेंडरच्या मागे लिहून घेत होते. आई मधेच उठून आत गेली. ती डोळे पुसत होती हे मला दिसलं, पण आम्ही दोघं थांबलो नाही.

दुसऱ्या दुपारी मी आधी बाईची माफी मागितली. ती म्हणाली, "कुणाला विचारलंस?" मी लिहिलं, माझ्या वडिलांना, ते कोळी आहेत. त्या यंत्रावर का होईना, मी ते पहिल्यांदा लिहिलं.

मग उरलेले दिवस मी यंत्राला पाऊणकी शिकवली. अमावास्या कधी झाली ते एकदा सांगितलं की पुढच्या तिथ्या ते मोजणार, पाऊणपट करणार, वर अर्धा तास धरणार. त्याचं घड्याळ परदेशातलं, म्हणून आपली वेळ साडेपाच तास पुढे. खरी तिथी मधेच लोपते, मधेच वाढते, तेवढं इकडेतिकडे खाडी चालवून घेते. भरतीच्या तीन तास आधीपासून होडी तरंगणार, त्याआधी गाळात. आणि कुणी गाळात पाय टाकला की निवटी उडणार.

मुदतीचा शेवटचा दिवस शनिवार होता. बाबांना सुट्टी होती. सकाळी मी निघाले तर ते इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. "मी पन येतो," म्हणाले.

ऑफिसात साहेब उठून उभे राहिले. "हे माझे बाबा," मी म्हटलं. "खाडीत होडी होती त्यांची." साहेबांनी स्वतःची खुर्ची दिली आणि चहा मागवला. इतकी वर्षं मी कशाला घाबरत होते कोण जाणे.

एक वाजून पाच मिनिटांनी मी त्या जगात शिरले. बाई धक्क्यावर येऊन उभीच होती. मी एकेक ओळ वाचून बाबांना मराठीत सांगत होते. तिने होडीत चढायची आज्ञा दिली. पडद्यावर आलं: होडी गाळात रुतलेली आहे. पाणी यायचं आहे.

"विचारते आहे, कधी येईल," मी म्हटलं.

बाबांनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "आज पंचमी. पाच पाऊन पावनेचार, वर अर्धा तास, सव्वाचार. तीन तास आधी होरी उचलल. सव्वाला. सांग तिला, बस जरा."

मी सांगितलं. तिने लिहिलं, "बसते." मग त्या थंड गावात ती आणि मानपाड्याच्या ऑफिसात बाबा, दोघंही चहा पीत पाणी यायची वाट बघत बसले. बाबांनी विचारायला लावलं की तिच्याकडे कोणती मासळी मिळते. तिने तीन नावं सांगितली, बाबांना एकही माहीत नव्हती. पाठीमागे साहेब उभे होते, तेही कुठे गेले नाहीत.

सव्वा वाजता ओळ उमटली: होडीखाली पाणी आलं. होडी हलली.

बाबा उभे राहिले. "चल, दोर सोर आता."

दोर सोडायची आज्ञाच मी केली नव्हती! दोराचं वर्णन केलं, खुंट केला, पण सोडायचं राहिलं होतं. बाई तिकडे थांबलेली, बाबा इकडे. मी तिला विचारलं नाही. चार ओळी स्वतःच लिहिल्या. दोर सुटला. होडी धक्क्यापासून दूर गेली. मी ते वाचून दाखवलं तेव्हा बाबांचा हात टेबलाच्या कडेवर होता, वल्हं धरल्यासारखा.

बाईने लिहिलं, "ही राहील."

परत जाताना डोंबिवली स्टेशनपर्यंत आम्ही रिक्षा केली. उतरताना बाबा म्हणाले, "पाऊसकालात होरी पान्यात ठेवू नको. वर वडून घेवाला लागल. नारली पुनवेपर्यंत." मी हो म्हटलं. बाईलाही गप्पांच्या ओघात हे सांगितलं, आणि विसरून गेले. पावसाळ्यात कारखान्यात काम वाढलं, महिना दीड महिना मला जेवायलाही वेळ मिळेना.

आषाढात एका दुपारी सवड मिळाली तेव्हा मी आत गेले. धक्क्यावर कुणी नव्हतं. पाण्यात होडी नव्हती. मग किनाऱ्याचं वर्णन वाचलं. होडी वर ओढून पालथी घातलेली होती, तिच्यावर झापांचं छप्पर होतं, दोर गुंडाळून नीट ठेवला होता. मी यातलं काहीच केलं नव्हतं. झापाला इंग्रजीत काय म्हणतात तेही मला ठाऊक नव्हतं, तिने 'नारळाच्या पानांची विणलेली चटई' असं लांबलचक लिहिलं होतं. खाली एक ओळ होती: पौर्णिमेपर्यंत.

संध्याकाळी मी बाबांना सांगितलं, होडी वर घेतली आहे, झाप टाकलेत.

"कोनी, बाईने?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "बरं झालं," ते म्हणाले, आणि ताट पुढे ओढून जेवायला लागले.