पगारे सरांनी न केलेली सही

दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, सकाळी अकराला, ऐन कामाच्या गर्दीत, पगारे सर आमची चालू यंत्रणा स्वतःच्या हाताने बंद करत. मग खुर्ची मागे सरकवून, हाताची घडी घालून बसत आणि ऑफिसातल्या सगळ्यात नव्या माणसाला म्हणत, "चला, मुंबई गेली. आता काय करता?"

मी रुजू झाले त्याच आठवड्यात तो मंगळवार आला. सगळ्यात नवी मीच होते.

नाशिकच्या इंदिरानगरातलं आमचं ऑफिस लहान होतं. त्र्यंबक आणि पेठच्या डोंगरात एका धर्मादाय संस्थेचे दवाखाने आहेत. तिथल्या रुग्णांच्या नोंदी आम्ही सांभाळायचो. कुणाचा रक्तगट कोणता, कुणाला कोणतं इंजेक्शन चालत नाही, हे सगळं क्लाउडवर, म्हणजे मुंबईतल्या भाड्याच्या संगणकांवर असे. मुंबई कोलमडली तर हैदराबादेतली दुसरी प्रत काही मिनिटांत कामाला लागावी, ही रचना सरांची. एकाच शहरात दोन प्रती का नकोत, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "गोदेला पूर आला की सराफ बाजारातले दुकानदार माल माळ्यावर टाकतात. पण माळा त्याच दुकानाचा ना?"

सर मूळचे चांदवडकडचे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तारा जोडत जोडत शिकलेले. एरवी शुद्ध बोलत, पण चिडले की गावची भाषा वर येई. एक वाक्य महिन्यातून चारदा तरी ऐकायला मिळे: "प्रत हाय म्हणू नका. उघडून दाखवा, मग म्हणा."

माझं काम सूचना लिहिण्याचं. यंत्रणा पडली तर कोणी, कोणत्या क्रमाने काय करायचं, त्याचे कागद. माझे वडील ओझरच्या बाजूला एका कारखान्यात कामगार होते आणि युनियनची पत्रकं लिहीत. मी त्या पत्रकांवर अक्षरं गिरवली. सोळाव्या वर्षी त्याच कारखान्याच्या हजेरीपटावरच्या खोट्या नावांविरुद्ध स्वतःचं पत्रक काढलं आणि ते चौकात वाटलं. तर माझा सूचनांचा पहिला मसुदा सरांनी वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "पत्रकबाई, इथं कुणाला पेटवायचं नाय. ज्याचे हात थरथरतायत, त्याच्यासाठी लिही."

तेव्हापासून मी त्यांची पत्रकबाई झाले. माझी विशेषणं ते लाल पेनाने एकेक करून उडवत. कागद पक्का झाला की तो शिपाई असलेल्या सोनवणेमामांना मोठ्याने वाचायला लावत. मामा जिथे अडखळले, ते वाक्य बाद. मामा म्हणायचे, "सर, मला आता निम्मं इंजिनियर करून सोडलं तुम्ही." सर म्हणायचे, उरलेलं निम्मं वरच्यांना द्या, त्यांना गरज हाय.

वरच्यांना त्यांचा मंगळवार खुपत होताच. तासभर काम अडतं, संस्थेचे फोन येतात. एका महिन्यात संस्थेची मंडळी पाहणीला येणार होती, म्हणून मॅनेजरसाहेबांनी चाचणी रद्द केली. त्याच सुमारास सुरक्षेसाठी किल्ल्या बदलल्या होत्या. किल्ली म्हणजे नोंदी ज्या गुप्त खुणेने कुलूपबंद असतात ती खूण. पुढच्या महिन्यातही चाचणी झाली नाही. आणि मग कागद आला: दोन्ही ठिकाणच्या यंत्रणेची चाचणी घेतली, ती यशस्वी झाली. खाली सहीची जागा.

सरांनी कागद परत पाठवला. मॅनेजर स्वतः टेबलाशी आले, समजावू लागले, नुसता उपचार आहे म्हणाले. सर बसल्या जागेवरून एवढंच बोलले, "मी पाहिलेलं नाय. मग मी सही कशी करू?" आठवड्याभरात त्यांना घरी बसायला सांगण्यात आलं. डबा आणि चष्म्याचं घर पिशवीत टाकून ते निघाले. आम्ही सगळे आपापल्या पडद्यांकडे बघत होतो.

तो कागद नंतर माझ्याकडे आला. सूचना लिहिणारी तीच, मग तिची सही चालेल, असं ठरलं होतं. माझी नोकरी अजून पक्की व्हायची होती. खोट्या हजेरीपटाविरुद्ध चौकात उभी राहिलेली मी, एका मिनिटात सही करून मोकळी झाले.

तीन आठवड्यांनी दुपारी मुंबई खरोखर गेली. हैदराबादची प्रत जागच्या जागी होती आणि उघडत नव्हती. माझ्या सूचनांप्रमाणे आम्ही सगळं केलं, दोनदा केलं. शेवटी सोनवणेमामांनीच सरांना फोन लावला. मॅनेजरांनी बोलावलं नसतानाही सर स्कूटरवरून आले. घाम पुसत बसले आणि दहा मिनिटांत त्यांनी शोधलं: नवी किल्ली फक्त मुंबईत ठेवली होती. हैदराबादेत नुसतं कुलूप. एक मंगळवार पाळला असता तर हे समोर आलं असतं.

फाइल चाळताना तो कागद त्यांच्या हाती लागला. त्यांनी माझी सही पाहिली. फाइल मिटली. मला म्हणाले, "आधी हरसूलच्या दवाखान्यातल्या सिस्टरला फोन लाव. सांग, आज आमच्याकडून काही मिळणार नाय. त्यांना वाट बघायला लावू नको."

सिस्टर तिकडे खरोखर वाट बघत होत्या. तापाने फणफणलेली एक मुलगी समोर होती, कोणतं तरी इंजेक्शन तिला चालत नव्हतं आणि कोणतं ते तिच्या आईला सांगता येत नव्हतं. माझा फोन गेल्यावर त्यांनी तिला जीपने नाशिकला पाठवलं. डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर उशीर झाला असता तर कठीण होतं. मुलगी वाचली. आमच्या नोंदींमुळे नाही.

दुसऱ्या दिवशी मुंबई आपोआप सुरू झाली आणि चौकशीत लिहिलं गेलं की मूळ रचनाच सदोष होती. म्हणजे सरांची. त्यांना दुसरीकडे काम मिळेना. मी त्यांच्या घरी दोनदा गेले. दोन्ही वेळा सही सोडून सगळ्यावर बोलले. ते ऐकून घेत. त्यांनी ना विचारलं, ना टाळलं. दिवाळीनंतर त्यांचं हृदय बंद पडलं. साठीही झाली नव्हती.

शोकसभा त्यांच्या कॉलनीतल्या विहारात झाली. ऑफिसचे बरेच जण होते, मॅनेजरसाहेबही. मला बोलायला सांगितलं. मी चांगलं दोन पानांचं भाषण लिहून नेलं होतं. उभी राहिले आणि ते वाचता येईना. मग म्हणाले, "रचनेत दोष नव्हता. चाचणी झालीच नव्हती. ती झाली अशी सही सरांनी केली नाही, मी केली. त्या सहीची शिक्षा त्यांना मिळाली."

मॅनेजर मोबाइल कानाला लावून बाहेर गेले. मला बसायला जागा दिसेना. पुढच्या सतरंजीवर सरांच्या पत्नी बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. फक्त पदर आवरून घेतला आणि थोड्या बाजूला सरकल्या.