महाराजा खुर्च्या दोन, पाहुणे तीन

"दत्तोबा, या खुर्च्या दोनच का?" साहेबांनी स्टेजखालून विचारलं.

सभेला अर्धा तास राहिला होता. मी म्हणालो, "जोडीच असती साहेब. नवरा-नवरीची."

महाराजा खुर्ची म्हणजे लग्नात स्टेजवर असते ती. लाल मखमल, सोनेरी पाठ, हातांवर सिंहाची तोंडं. मी चौथी शिकलेला मंडपवाला. मोठा पाहुणा आला की ती काढायची, एवढंच मला ठाऊक. त्या दिवशी पाहुणे तीन होते. देवळाचे महाराज, मशिदीचे मौलाना आणि विहाराचे भन्ते. दोन खुर्च्या मधे ठेवल्या, बाजूला एक सोफा टाकला आणि घोळ करून बसलो.

महाराजांचा माणूस म्हणाला, "आमचे महाराज मधे."

मौलानांबरोबरचा म्हणाला, "फिर हमारे मौलाना सोफे पे क्यों?"

भन्ते गेटबाहेर गाडीजवळ थांबले. ते बसतात तिथं आधी पांढरी चादर अंथरतात. त्यांची माणसं चादर हातात धरून उभी. अंथरायची कुठं?

सभा कशाची ते सांगतो. त्याच्या पंधरा दिवस आधी आमच्या वस्तीत मिरवणुकीच्या डीजेवरून पोरांची मारामारी झाली. काचा फुटल्या. लोक एकमेकांच्या दुकानात जाईनात. रफिक वीस वर्षं माझ्याकडं पोल उभे करायचा. त्याच्या दारावर दगड पडला. त्यानं कुरुळीला मेव्हण्याजवळ खोली बघितली, सामान बांधलं. मला म्हणाला, "शेठ, एवढी सभा उभी करून देतो. उद्या टेम्पो द्या." मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

साहेब म्हणजे रहाटणीत राहायला आलेले रिटायर राजदूत. राजदूत म्हणजे परक्या मुलखात आपल्या देशाच्या वतीनं बोलणारा माणूस. एकदा चहा पिताना त्यांनी मला सांगितलं होतं. कुठलासा देश स्वतंत्र होत होता, तेव्हा ते तिथं होते. दोन बाजूची माणसं बोलायला आली, पण टेबलाच्या कुठल्या अंगाला कोण, यातच दोन दिवस गेले. "शांतता, स्वातंत्र्य हे शब्द भाषणात बरे," ते म्हणाले. "माझं काम एकच होतं. माणूस उठून जाऊ नये." रिटायर होऊनही तेच काम चालू होतं. या तिघांना राजी करायला ते आठ दिवस दारोदार हिंडले होते.

"मखमल काढा," साहेब म्हणाले. "तिघांना साध्या खुर्च्या, पांढरी कव्हरं."

लावल्या. आता मधली कोणाची? पुन्हा तेच सुरू.

कव्हरं घालायचं काम माझ्या बायकोचं, सुमनचं. ती वाकूनच म्हणाली, "अहो, रफिकभाऊंना बसवा की वर. ज्याच्यासाठी एवढं चाललंय, तो खाली पोल धरून उभा हाय."

"तू गप बस," मी म्हणालो. "मोठ्या माणसांचं चाललंय."

साहेब वळले. "वहिनी, काय म्हणालात? परत सांगा."

तिनं परत सांगितलं. साहेबांनी बोटानं खुर्च्या मोजल्या. चार झाल्या तर मधली एक राहतच नाही. ते हसले. "तुम्ही आमच्या खात्यात पाहिजे होतात."

चौथी खुर्ची आली. रफिक चढेना. "साहेब, माझे कपडे बघा."

"तेच कपडे पाहिजेत."

कडेच्या खुर्चीवर चादर पडली. भन्ते सगळ्यात आधी येऊन बसले. मग बाकीच्यांना उभं राहणं अवघड झालं.

भाषणं झालीच नाहीत. महाराजांनी शेजारच्या रफिकला विचारलं, "लेकरं कुठल्या शाळेत?"

"इथंच. तुमच्या देवळामागं."

"मग कुरुळीवरनं कशी येणार?"

"न्हाई येणार, महाराज. दाखला मागितलाय."

महाराज खाली बघत म्हणाले, "नको काढू दाखला."

मग मौलाना म्हणाले, "डीजे कुठल्या कोपऱ्यावर बंद करायचा, ते आत्ताच ठरवू." भन्ते म्हणाले, मिरवणुकीच्या पुढं आम्ही तिघं चालू. ठरलं. पाऊण तासात उठलो.

दुसऱ्या दिवशी टेम्पो लागला नाही. दोन घरं आधीच गेली होती, ती परत आली नाहीत. हेही सांगायला पाहिजे.

साहेब जाऊन तीन वर्षं झाली. सुमन या श्रावणात गेली. आता कव्हरं रोजावरची माणसं घालतात, सुरकुत्या तशाच राहतात. तळवड्याच्या गोडाऊनमध्ये कव्हरांचे गठ्ठे बघितले की तो दिवस आठवतो. तिला गप बस म्हणालो होतो. जन्मभर तसंच बोलत आलो. तिचं बरोबर होतं, एवढं म्हणायला दोन शब्द लागले असते. ते कधी बोललो नाही.

धंदा अजून चालू आहे. सभेची ऑर्डर आली की मी आधी विचारतो, भांडण कोणाचं, आणि त्याची खुर्ची यादीत आहे का. बहुतेक वेळा नसते.