आकारामची चरवी

शिवाजी पेठेत नव्या माणसाला आडनाव मागाहून विचारतात, आधी तालीम विचारतात. आकाराम पोवाराला मात्र तेही कुणी विचारत नसे. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी मिरवायच्या दिवशी त्याच्या म्हशींच्या शिंगांवर जो पिवळा-निळा रंग चढायचा, तो बिरोबा तालमीच्या फुटबॉल संघाच्या जर्सीचा रंग होता, आणि तो उडेपर्यंत कट्ट्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला सारं समजत असे.

सकाळ-संध्याकाळ गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर तो म्हशी बांधायचा. गिऱ्हाईक समोर उभं राहणार, आकाराम पेला आचळाखाली धरणार, धार वाजणार आणि फेसासकट पेला गिऱ्हाइकाच्या तोंडाला. आज्ज्यापासून हाच धंदा. तालमीत जेव्हा पैलवान घुमायचे तेव्हा त्यांच्या खुराकाचं दूध पोवारांच्या गोठ्यातनंच जायचं, आणि त्यातला एखादा कुस्ती मारून आला की आकारामचा बाप स्वतः जिंकल्यासारखा चार दिवस मिशीला पीळ देत हिंडायचा. आता लाल माती ओस पडली. पोरं सगळी फुटबॉलकडं. पण पोवारांची छाती फुगायची तर तालमीच्याच नावानं फुगणार, त्यात बदल नव्हता.

दिवाळी सरली, हंगाम तोंडावर आला, की आकाराम संघातली माणसं बोटांवर मोजायला लागायचा. गेल्या साली संघ सीनियर गटातनं खाली जायचा तो नशिबानं राहिला. शेवटच्या मॅचला दुसऱ्याच कुठल्या तरी संघानं माती खाल्ली म्हणून वाचला, नाहीतर पेठेत तोंड दाखवायची सोय नव्हती. यंदा मागची फळी तीच, गुडघे धरून पळणारी. गोलकीपर तेवढा नवा, ऋतुराज म्हणून कागलचा पोरगा. आणि गोल मारायला कोण, तर संघाचं सगळं बघणाऱ्या कृष्णात नावाच्या माणसानं थेट मणिपूरहून टोंबा नावाचा एक खेळाडू आणलेला.

टोंबाला पहिल्यांदा बघितलं आणि आकारामचं काळीजच बसलं. बारकं अंग, गालफडं आत, बोलणं तर ऐकूच येईना असं. ह्यो गोल मारणार? तुळजाई संघाचे ते रेड्यासारखे बॅक ह्याला खांद्यानं नुसतं ढकलतील आणि हा रंकाळ्यात जाऊन पडेल. मग सरावाच्या मॅचला त्याच टोंबानं दोघांच्या मधनं बॉल काढून असा काय गोल घातला, की आकाराम उठून उभाच राहिला. पाय सोन्याचे होते पोराचे. कमी होती ती फक्त अंगात. आणि अंगात ताकद आणायची म्हटल्यावर पेठेत आकारामपेक्षा जाणता माणूस कोण होता?

दुसऱ्याच दिवशी सकाळी धार काढून झाली तशी चरवी भरून घेऊन तो तालमीच्या वरच्या खोलीवर गेला. बाहेरगावचे खेळाडू तिथं राहायचे. टोंबानं हात जोडले, मान हलवली, "नहीं बाबा, दूध नहीं," म्हणाला. आकाराम मोठ्यानं हसला. आता कोल्हापुरात पावण्याचा पहिला नकार कोण खरा मानतं? पहिल्यांदा विचारलं की माणूस नको म्हणणारच, ती रीतच आहे. दुसऱ्यांदा विचारायचं, तिसऱ्यांदा हाताला धरून आग्रह करायचा, मग पावणा घेतो आणि पोटभर घेतो. तिसऱ्या आग्रहाला टोंबानं पेला घेतला. डोळे मिटून, एका दमात. आकारामला वाटलं, आपलं ओळखणं बरोबर होतं, पोरगं लाजत होतं.

तेव्हापासून रोजचा नेम लागला. तो दारात उभा राहायचा, पेला रिकामा होईपर्यंत हलायचा नाही. मोडक्या हिंदीत गप्पा चालायच्या. मणिपुरात थंडी किती, घरी कोण, आईची तब्येत कशी. निघताना टोंबा जिन्यापर्यंत पोचवायला यायचा. खाली उतरताना आकारामला वाटायचं, औंदा आपलं काय तरी होतंय.

पहिली मॅच तुळजाईबरोबर. शाहू स्टेडियम खच्चून भरलेलं, हलग्या वाजताहेत, दोन्हीकडच्या पोरांचे गळे आत्ताच बसलेले. सुरुवातीला टोंबा वाऱ्यासारखा पळाला. आकारामनं शेजारच्या अनोळखी माणसाची मांडी धरून ठेवलेली, त्याला पत्ताच नाही. आणि मग काय झालं कुणास ठाऊक, टोंबा मंदावला. हात पोटावर. बॉल पायाशी आला तरी वाकून उभा. मध्यंतरानंतर तो बाहेरच बसला, आणि बिरोबाचा संघ दोन गोलनं हरला.

पायऱ्यांवर बोलायला तोंडाला काय लागतं? सुटीला आलाय कोल्हापूर बघायला, रस्सा झेपला नसंल, परत पाठवा टपालानं. आकाराम दोघा-तिघांवर धावून गेला. पोरगं अजून रुळायचं आहे, दम धरा, म्हणून भांडला. पण घरी येताना त्याचा स्वतःचाच दम सुटलेला. ताकदच नाही अंगात. दूध कमी पडतंय.

दुसऱ्या दिवसापासून चरवी मोठी झाली. दुधात खारीक-बदाम कुटून पडायला लागले. बायको विठाबाई गोठ्याच्या दारात उभी राहून बघत होती. तिनं एकदाच विचारलं, त्या पोराला सोसतंय का ते तरी बघितलंय का. आकाराम म्हणाला, दूध काय सोसायची गोष्ट आहे होय?

तो आठवडा त्यानं कसा काढला ते त्याचं त्याला माहीत. कट्ट्यावर गिऱ्हाईक पेला धरून ताटकळायचं आणि हा मागच्या फळीत कुणाला बसवायचं आणि कुणाला काढायचं यावर दुसऱ्याशी हुज्जत घालायचा. एकदा धार पेल्यात न जाता गिऱ्हाइकाच्या बुटावर गेली. जेवताना घास हातात तसाच राहायचा. दुसरीही मॅच गेली तर? तिसरी गेली तर संघ तळाला, आणि एकदा तळाला गेलेले संघ वर येताना त्यानं तरी फार बघितले नव्हते.

दुसरी मॅच नवयुगशी. टोंबा पहिल्यापासूनच पिवळा पडलेला. समोर मोकळं गोलपोस्ट, गोलकीपर जमिनीवर, नुसता पाय लावायचा होता. पाय लावला तो बॉल बाहेर, आणि टोंबा तिथंच गुडघ्यावर बसला. शेवटी शेवटी नवयुगनं एक घातला. त्या दिवशी पायऱ्यांवरनं शिव्यासुद्धा आल्या नाहीत. माणसं मुकाट उठून गेली, आणि आकारामला शिव्यांपेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली.

त्याच संध्याकाळी तालमीत ठरलं. टोंबाला सोडायचं, गोव्याच्या एकाशी बोलणं झालंय, त्याला आणायचं. कृष्णातनं टोंबाला डॉक्टरकडंही नेलं होतं. डॉक्टरनं पोट बिघडलंय म्हणून सांगितलं, खाण्यापिण्यात काय आलं ते विचारलं. मेसचं जेवण, दुसरं काही नाही, एवढंच टोंबा म्हणाला, असं कृष्णातनं सगळ्यांपुढं सांगितलं. परवा पहाटेच्या गाडीचं तिकीट निघालं.

सकाळी आकाराम शेवटची चरवी घेऊन निघाला. पोराला गाडीत बसायच्या आधी पोटभर पाजावं, मोकळ्या हातानं जाऊ देऊ नये, एवढंच डोक्यात. दार गोलकीपर ऋतुराजनं उघडलं. आत टोंबा पाठमोरा बसून बॅग भरत होता. ऋतुराजनं दार मागं ओढून घेतलं, जिन्यावर आला आणि आकारामच्या हातातल्या चरवीवर हात ठेवला.

"काका, आता पुरं करा. त्याला दूध सोसत न्हाय. त्यांच्याकडं कोण पीतच न्हाय असलं. तुमी गेला की अर्धा दिवस पोट धरून पडतोय त्यो. मला शपथ घातलीती, सांगू नगंस म्हणून. आता चाललाच हाय, म्हणून सांगतोय."

आकाराम जिना उतरला. भरली चरवी घेऊन पेठेतनं चालताना वाटेत कोण कोण भेटलं, कुणी काय विचारलं, त्याला काही उमगलं नाही. गोठ्यात येऊन तो म्हशीच्या पाठीला हात लावून नुसता उभा राहिला. हरवलं कुणी? तुळजाईनं नव्हे, नवयुगनं नव्हे. आपण. आणि पोरानं डॉक्टरपुढंसुद्धा आपलं नाव घेतलं नाही.

आता हे सांगायचं कसं? लोक हसतील, जन्मभर चिडवतील, ते एक सोसता आलं असतं. पण पोवारांच्या दुधानं माणूस आजारी पडला, हे आपल्याच तोंडानं, आपल्याच तालमीत बोलायचं? ज्या दुधावर आज्ज्यानं, बापानं पैलवान उभे केले, ते? न बोलावं तर उद्या गाडी सुटेल आणि कुणाला काही कळणार नाही. ऋतुराज गप्प बसला असता. हा विचार मनात आला तशी आकारामला स्वतःचीच किळस आली. त्यानं विठाबाईला सगळं सांगितलं. ती गोवऱ्या रचत होती, तिनं मान वर केली नाही.

"मग जाऊन सांगा की," ती म्हणाली. "दुधात खोट न्हाय म्हणावं. पाजणाऱ्याला कळलं न्हाय."

संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर सगळे जमलेले. गोव्याचा खेळाडू कधी पोचतोय याचं चाललं होतं. आकाराम उभाच राहिला, बसला नाही. आवाज फुटला तो एकदम मोठ्यानं फुटला.

"पोराला पाठवू नका. त्यात त्याचा काय दोष न्हाय. आल्यापासनं मी त्याला रोज दूध पाजतोय. ते त्याला सोसत न्हाय. त्यानं नको म्हटलं हुतं, मी ऐकलं न्हाय."

आधी कुणाला समजलंच नाही. मग एकजण फिसकला, आणि सगळा कट्टा फुटला. म्हशीला लाल कार्ड दावा, कुणी म्हणालं. तुळजाईवाल्यांनी आकारामचा सत्कार करायला पाहिजे, दुसरा म्हणाला. आकाराम खाली मान घालून ऐकत राहिला. कृष्णात मात्र हसला नाही. त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि म्हणाला, तिकीट रद्द करतो. एक मॅच. ती गेली तर टोंबा जाईल, आणि तुझ्याशी काय बोलायचं ते मी तेव्हा बोलेन.

मधले दिवस आकाराम तालमीच्या बोळाकडं फिरकला नाही. कुठल्या तोंडानं जायचं? भीती आता वेगळीच होती. समजा दूध कारण नसलंच, समजा पोराच्या पायातच काही नसलं तर? म्हणजे अब्रूही गेली, दूधही बदनाम झालं, आणि संघही तळाला. कट्ट्यावर गिऱ्हाइकं पेला हातात घेऊन विचारायची, आकाराम, हे पिऊन उद्या कामावर जाता येईल न्हवं? तो हूं म्हणून धार काढायचा.

तिसऱ्या मॅचला तो नेहमीच्या जागेवर बसलाच नाही. पार कोपऱ्यात, टोपी ओढून. अर्धा वेळ त्यानं मैदानाकडं बघितलंच नाही, नुसता टोंबाचा हात कुठं आहे ते बघायचा. पोटावर गेला का? नव्हता. पोरगं पळत होतं. पडत होतं, उठत होतं, पुन्हा पळत होतं. गोल काही होईना. संपत आलं तरी होईना. आणि मग डावीकडनं एक बॉल आला, टोंबानं तो छातीवर घेतला, खाली पडू दिला आणि हाणला. जाळी हलली ती आकारामला दिसली नाही, कारण डोळे भरले होते. आवाजावरनं कळलं.

पोरांनी टोंबाला खांद्यावर घेऊन नाचवलं. आकाराम मागच्या दारानं बाहेर पडला आणि म्हशी बांधायला गेला. आनंद होता, नाही कसा. पण एक मॅच जिंकली म्हणजे काय गड जिंकला नव्हे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कट्ट्यावर गर्दी असताना टोंबा म्हशींच्या मधनं वाट काढत आला आणि आकारामच्या पुढं उभा राहिला. गिऱ्हाइकं पेला हातात घेऊन वळली. आकारामनं ओले हात धोतराला पुसले. मला सांगायचं होतंस, असं तो कसंबसं हिंदीत म्हणाला.

"बोला था बाबा, पहले दिन," टोंबा म्हणाला. "आप हंसे." मग खाली बघत म्हणाला, "बाद में नहीं बोला. दूध बंद, तो आप भी आना बंद कर देते. उस कमरे का दरवाजा दूसरा कोई नहीं बजाता था." आणि जाता जाता एवढंच, "अभी कितने दिन से आप आए नहीं."

म्हशीनं शेपटी मारली ती आकारामच्या तोंडावर बसली, ती त्याला कळली नाही.

सकाळी धारा झाल्या. सवयीनं हात चरवीकडं गेला. आकारामनं ती पालथी घातली आणि निघाला. बोळातनं जाताना डावा खांदा उगीचच खाली झुकलेला, ओझं असल्यासारखा. जिना चढून त्यानं दार वाजवलं. टोंबानं दार उघडलं तेव्हा हे रिकामे हात ठेवायचे कुठं ते त्याला कळेना. त्यानं ते मागं बांधले, उंबऱ्यावर टेकला आणि पुढची मॅच कुणाबरोबर आहे ते विचारलं.