सुभेदारांची गाडी वेशीत बसली

आकाराम सुभेदारांइतका सरळ मानूस आमच्या गावात दुसरा न्हाई, आन त्यांच्याइतका हेकट मानूस सबंध कराड तालुक्यात न्हाई. हे मी सांगतोय, गुंडा. मी त्यांच्याच पल्टनीत सतरा वर्सं लांगरी हुतो, म्हंजी जवानांचा सैपाक करनारा. गावात मला आचारी म्हनत्यात, ते मला अजिबात खपत न्हाई. आचारी लगनात बुंदी पाडतो. लांगरी बरफात उभा ऱ्हाऊन दोनशे मानसांच्या रोट्या भाजतो. असो, ते काय गावाला कळनार न्हाई.

सुभेदार पेन्शनीत आलं आन पयल्याच महिन्यात त्यांचं हाल सुरू झालं. फौजेत शिट्टी मारली की शंभर मानसं रांगंत हुबी. हितं शिट्टी मारली की शेजारची म्हस नुसतं कान हलवायची. एकदा तर घरात रंगुवैनीला, म्हंजी त्यांच्या मंडळीला, म्हनलं, उद्या सकाळी इन्स्पेक्शन हाय, भांडी लाईनीत लाव. वैनींनी भांडी लाईनीत लावली आन दोन दिस तशीच ठिवली, रिकामी. तवापास्नं इन्स्पेक्शन बंद झालं.

मग चौऱ्याहत्तर साली पुण्याच्या बाजूला फौजेच्या जुन्या गाड्यांचा लिलाव निघाला. सुभेदारांनी फंडातलं पैसं काढलं आन ट्रक घिऊन आलं. हिरवागार, चाकं मानसाच्या छातीएवढी, पुढची चाकं बी वढनारी. चालवायला त्यांचा मेव्हना जोतिबा. हा कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायचा, त्यामुळं स्टेरिंग धरायचं कळायचं, इंजनाच्या पोटात काय असतं ते न्हाई. सुभेदार सोता डाव्या शीटवर बसायचं, टोपी घालून, पाठ ताठ. गावची भाजी कराडच्या बाजाराला, कुनाचं वऱ्हाड, कुनाचं उसाचं बेनं, सगळं त्या गाडीतनं. फकस्त आधी दारात येऊन रिपोर्ट करायला लागायचा. लोक हसायचं, पन करायचं. चार महिन्यात मानसाचा रंग पालटला. मला एकदा म्हनलं, "गुंडा, गाडी हाय तवर मी सुभेदार. गाडी न्हाई तर नुसता पेन्शनर."

त्या वर्सी भैरोबाच्या जत्रेला नऊ दिस ऱ्हायलं हुतं. गाडी उंब्रजास्नं मांडवाचं सामान घिऊन येत हुती आन मी मागं कनातीवर बसलो हुतो. वडा वलांडला की आमच्या देवळाचा कळस दिसतो. तिथं सुभेदार चालत्या गाडीत उठून उभं ऱ्हायचं आन देवाला सॅल्यूट ठोकायचं. रोजचा रिवाज. पन त्या दिशी जत्रेची तयारी म्हनून पायात फौजेचं बूट घातलं हुतं, टाचंला लोखंडी नाल. सॅल्यूट मारताना पाय असा आपटला की मला मागं कनातीवर दनका बसला. गाडी चढ चढली, वेशीत शिरली, दोन उचक्या दिल्या आन बंद पडली.

त्या दोन उचक्या ऐकल्या आन मला सगळं कळलं. सतरा वर्सं मी असल्याच गाडीत, रेशनच्या ट्रकात, डाव्या बाजूला मांडीवर पातेली घिऊन बसलोय. ह्या गाडीला पेट्रोलच्या टाक्या दोन. डाव्या शीटाखाली एक पितळी कॉक असतो. हिकडं फिरवला की ही टाकी, तिकडं फिरवला की ती. एक टाकी सरली की गाडी दोन उचक्या द्यायची, डायव्हर म्हनायचा, "लांगरी, कॉक फिरव," आन मी फिरवायचो. सुभेदारांच्या बुटानं त्यो कॉक रिकाम्या टाकीवर गेल्ता, दुसरं काय बी झालं नव्हतं.

आता आमची वेस सांगतो. दगडी कमान, ट्रक आत शिरला की दोनी बाजूंना हात घालाय जागा न्हाई. पुढं चढ, आन लगीच तालमीपाशी काटकोनात वळान, म्हंजी बैलांच्या दोन जोड्यांच्या वर जुपायला जागा नव्हती. दोन जोड्यांनी गाडी हललीच न्हाई. मागं उतार, आन उताराच्या तळाला पान्याची हीर. बंद गाडीचा हँडब्रेक काढून मागं सोडायला कुनाची छाती हुईना. बाया गाडीच्या पोटाखालनं वाकून हंडं सरकवाय लागल्या. पन पालखी काय वाकवून नेता येत न्हाई. भैरोबा वेशीतनं ताठ मानंनं जातो, आन वेशीत आमची गाडी.

आमच्या गावात घरटी एक मानूस फौजेतनं आलेला. आर्ध्या तासात समदं पेन्शनर गाडीभोवती जमा झालं. ज्ञानू सिग्नलमधला, त्यानं तारा तपासल्या आन अशा जोडल्या की दिवा लावला की हॉर्न वाजायचा. एकजन तोफखान्यातला, त्यानं मागनं धुराच्या नळीत गज घालून तोफेवानी साफ केली. आमच्यातलाच एकजन बँडात बासरी वाजवायचा, त्यो बॉनेटला कान लावून बसला आन म्हनला, सूर न्हाई. मी रांगंच्या शेवटाला. पुढं जाऊन म्हनलं, साहेब, शीटाखाली एकदा बगा.

सुभेदार माझ्याकडं वळलं बी न्हाईत. "लांगऱ्यानं डाळीत बगावं, इंजनात न्हाई. जा, च्या टाक समद्यांला."

समदं गाव हसलं. जोतिबा बी हसला, ज्याला बॉनेट उघडता येत न्हाई त्यो जोतिबा. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. चाळीस कप च्या केला, आन त्या चुलीम्होरंच मी ठरवलं, आता सुभेदार सोताच्या तोंडानं इचारत न्हाईत तवर मी बोलायचा न्हाई. भैरोबाची आन घेतली. मी बी ह्याच मातीतला, हेकटपना काय त्यांनी एकट्यानं आनला न्हाई.

तिसऱ्या दिशी सरपंच नानासो आलं. बिचाऱ्यांनी लय मवाळपनं इचारलं की सुभेदार, पालखीचं कसं करायचं. त्यावर सुभेदारांनी काय करावं? समद्यांदेखत शबूद दिऊन टाकला. जत्रेच्या आदल्या दिशी दुपारपतोर गाडी वेशीतनं हलली न्हाई, तर सांगलीचं भंगारवालं बोलवा आन गॅसनं कापून न्या. नानासो म्हनलं, अवं असं कशाला. पन शबूद गेल्ता, आन सुभेदारांचा शबूद माघारी येत नसतो. नानासोंनी सांगलीला निरोप धाडला.

मग मिस्तरी हुडकायची मोहीम सुरू झाली. पिशवी धराय मला संगं घेतलं. आदी कराडला नाथाजी मिस्तरीकडं. त्यो यष्टीच्या गाड्या झोपंत बी नीट करनारा मानूस. त्यानं सगळं ऐकलं, बिडी इझवली आन सांगितलं की ह्या गाडीचा मी पाना बी बगितला न्हाई, मला हात लावाय सांगू नगा, सांगलीला जावा. सांगलीला बाजाराजवळ अनंतरावांचं जुन्या पार्टांचं दुकान. भला मानूस, खुर्ची दिली, पान दिलं. सुभेदार सांगाय लागलं ते लिलावापास्नं, मग पल्टन, मग पासष्टची लढाई. अर्ध्या तासानं अनंतराव अदबीनं म्हनलं, "सुभेदारसाहेब, सगळं समजलं. फक्त गाडीला काय झालंय तेवढं राहिलं."

शेवटी त्यांनी अंदाजानं एक पेट्रोलचा पंप दिला. कॅरबुरेटर धुवा म्हनलं, प्लग बदला म्हनलं. यष्टीत पंप मांडीवर घिऊन मी बसलो हुतो आन सुभेदार खिडकीतनं भाईर बघत हुतं. तासगाव फाट्यापतोर मला चार डाव वाटलं, सांगून टाकावं. पन चाळीस कप च्या आठवला की तोंड आपसूक मिटायचं. आन खोटं कशाला बोलू, मला थोडी मजा बी वाटत हुती. पंप बसवला, प्लग बदललं, बॅटरी भरून आनली. धडधाकट इंजनाचं येवढं लाड आमच्या तालुक्यात कुनी केलं नसंल. गाडी ढिम्म.

सातव्या दिशी उंब्रजचा कोंडीबा मिस्तरी सोता गावाला आला. ह्यो खरा जानकार. सुभेदारांनी त्याला आदी गाडीम्होरं हुबा केला. पाने मोजून सतरंजीवर मांड, एक पाना उचलला की सांगून उचल, ठिवला की सांगून ठेव. कोंडीबानं ते बी केलं. मग त्यानं पेट्रोलची नळी चाचपत चाचपत मागं नेली आन म्हनला, ही नळी डाव्या शीटाखाली जाती, शीट उचला. सुभेदार म्हनलं, ही अधिकाऱ्याची शीट, हिच्याखाली माझी वर्दी ठिवलीया, तिथं सिव्हिलियननं हात घालायचा न्हाई. कोंडीबानं एकदा सुभेदारांकडं बघितलं, एकदा गाडीकडं. पाने गोळा केलं, एकेक सांगून उचललं, आन सायकलवर टांग टाकून गेला.

मी तवाबी गप ऱ्हायलो. आज हे सांगताना माझं मलाच बरं वाटत न्हाई.

जत्रेच्या आदल्या दिशी सकाळी भंगारवाल्यांचा टेम्पो आला. गॅसची नळकांडी घिऊन दोन गडी वेशीभाईर लिंबाखाली बसलं. त्यांनी बी घाई केली न्हाई, तंबाखू मळत बसलं. अकराच्या सुमाराला रंगुवैनी माझ्या दारात आल्या. त्यांचं आन माझं येवढं बोलनं कवा नसतं. म्हनल्या, कालपास्नं पोटात अन्नाचा कन न्हाई, रातभर गाडीतच हुतं, तुमच्या हातची डाळ त्यांला आवडती, तेवढी न्या. मला म्हाईतच नव्हतं. सतरा वर्सं माझी डाळ खाऊन ह्या मानसानं कवा बरी म्हनलं नव्हतं.

डबा घिऊन गेलो. सुभेदार डाव्या शीटवर बसलं हुतं. शीटाखालची वर्दी काढून अंगावर घातलेली, छातीवर पदकं लावलेली. पोट सुटल्यामुळं दोन बटनं लागत नव्हती. मी डबा पुढं केला, त्यांनी घेतला न्हाई. म्हनलं, वर ये, बस. मी जोतिबाच्या जागंवर बसलो.

मग समोर बघतच म्हनलं, "गुंडा, मला गाडीतलं काय बी कळत न्हाई रं. अठ्ठावीस वर्सं मी नुसता बसलो. डायव्हर म्हनायचा ठीक हाय साहेब, आन मी मान हलवायचो." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठिवली. "समदी मानसं झाली इचारून. तुला काय कळतंय का ह्यातलं?"

त्यांनी इचारलं की हो. नऊ दिस मी त्याच्यासाठी झुरलो, आन आता इचारलं तर आनंद काय झाला न्हाई. मला लाज वाटली, दुसरं काय. मी वाकलो, त्यांच्या बुटाच्या मागं हात घातला आन कॉक फिरवला. मग जोतिबाला हाक मारली, कॅरबुरेटरात वाटीभर पेट्रोल वतलं आन म्हनलं, मार सेल. दोन डाव नुसती कुरकुरली. तिसऱ्या डावाला अशी फुरफुरून उठली की वेशीतली कबुतरं उडाली. नवा पंप, नवं प्लग, भरलेली बॅटरी, लिलावात घेतली तवा बी असली वाजत नव्हती. भंगारवाल्यांनी सुद्दा टाळ्या वाजवल्या.

गाडी चढ चढून देवळाकडं निघाली. सुभेदारांनी मला शीटवर आपल्या बाजूला सरकून जागा दिली हुती. गाडीच्या आवाजात हळूच इचारलं, "तुला कवापास्नं ठावं हुतं?"

खोटं बोलाय आलं असतं. "पयल्या दिसापास्नं," मी म्हनलं.

"मी तुला च्या टाकाय लावला तवापास्नं?"

"व्हय साहेब."

मला वाटलं आता रागं भरतील, आन भरलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या मांडीवरचा डबा तेवढा त्यांनी उघडला आन बोटानं डाळ खाल्ली.

देवळाम्होरं समदं गाव गोळा झालं. हलगी वाजाय लागली. नानासोंनी नारळ फोडला, फेटा आनला आन भाषान सुरू केलं की आपल्या सुभेदारांनी अखेर गाडी नीट करून दावली. फेटा बांधाय हात वर केलं तर सुभेदारांनी ते धरलं. म्हनलं, "गाडी गुंडानं चालू केली. मी त्याला इचारलं न्हाई म्हनून नऊ दिस गेलं, चूक माझी हाय. कशी चालू केली ते त्यालाच इचारा."

हलगी थांबली. ज्ञानू, जोतिबा, बासरीवाला, पार मागं उभ्या ऱ्हायलेल्या रंगुवैनी, समदी मानसं माझ्याकडं वळली. नानासोंनी फेटा माझ्या हातात दिला आन लय मानानं म्हनलं, "सांगा गुंडाराव."

सबंध गाव मला इचारत हुतं, आन कॉकचं सांगावं तर नऊ दिस गप का बसलो ते बी सांगाय लागनार, माझ्या तोंडातनं एक शबूद फुटंना.