व्याह्यांची बंदूक आणि शिळी वर्तमानपत्रं

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत बंदुकीचा परवाना असलेली माणसं पुष्कळ असतील, पण वर्षाला मिळणारी सगळी काडतुसं शिळ्या वर्तमानपत्रांवर उडवणारा माणूस एकच, आणि तो माझा व्याही आहे. त्यांनी मारलेले कागद मी मोजलेले आहेत. कागदच नाहीत, प्रत्येक कागदातलं एकेक भोक मोजलेलं आहे. माझा चष्म्याचा नंबर तीनदा वाढला तो काही वयामुळे नव्हे.

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मी एवढीच चौकशी केली होती की घर चांगलं आहे, जुन्नरच्या पश्चिमेला पाच एकर जमीन आहे, मुलगा पुण्यात नोकरीला आहे आणि वडील मोजणी खात्यातून निवृत्त झालेले आहेत. वडिलांना निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नव्हतं, ही गोष्ट कुणी सांगितली नाही. त्यांच्या वडिलांच्या नावावर पीकसंरक्षणाची दुनळी बंदूक होती, ती यांच्या नावावर झाली. दुसऱ्या कुणी भिंतीवर टांगून ठेवली असती. यांनी तिची मोजणी सुरू केली. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीला मी मुलीला भेटायला गेलो, तर चहाचा कप खाली ठेवायच्या आत म्हणाले, "पावणं, जरा खाणीत यायचं का? कागुद धरायला दुसरा मानूस लागतो." मी मुलीचा बाप. मुलीच्या बापाला त्या काळात नाही हा शब्द येत नसतो. पुढे तो यायला लागला तोवर सवय लागून गेली होती.

टेकडीखाली एक बंद पडलेली दगडखाण आहे, तिथे हा कारभार चालायचा. मोडक्या बाजेच्या चौकटीवर खळ लावून वर्तमानपत्रं चिकटवायची, मधोमध ठिपका द्यायचा, मग टेप ओढत मागे यायचं. पंधरा पावलं, पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस. प्रत्येक अंतरावर उजव्या नळीचा एक बार, डाव्या नळीचा एक. मग काडतूस बदलायचं. बारीक छर्ऱ्यांचं चार नंबर, त्याहून जाड बीबी, मग वाटाण्याएवढे नऊ छर्रे असलेलं एसजी. बार झाला की ते कागद उतरवून सावलीत आणायचे, छर्रे जिथे दाट पडले असतील तिथे अडीच फुटांचं वर्तुळ काढायचे आणि माझ्या हातात लाल पेन्सिल द्यायचे. आत किती, बाहेर किती. चार नंबरचे दीडशेच्या वर छर्रे असतात, हे मला कुणी विचारलं तर झोपेतही सांगता येईल. एकदा मी कंटाळून अंदाजे आकडा सांगितला. माझ्याशेजारी बसून त्यांनी सगळी भोकं पुन्हा मोजली, सात कमी निघाली, आणि कागद घडी करत इतक्या दुःखी चेहऱ्याने माझ्याकडे पाहिलं, की त्यानंतर मी एक भोक चुकवलेलं नाही.

बरं, एकदा मोजून भागेल, तर तेही नाही. तेच काडतूस, तीच नळी, तेच अंतर, पण डिसेंबरच्या गारठ्यात आणि एप्रिलच्या दुपारी वेगळं पसरतं का, हे पाहायचं होतं. म्हणजे मला डिसेंबरात आणि एप्रिलमध्ये माझ्या कळंबहून एसटीने जावं लागे. विहीणबाईंना खळीचा राग. "घरात पोळ्या मोजून करायच्या आन् कागदाला पातेलंभर कणीक," असं त्या मला ऐकू जाईल इतपत हळू म्हणत. नव्या काडतुसांसाठी व्याही पोलीस ठाण्यात रिकाम्या पुंगळ्या दाखवायला गेले तेव्हा हवालदारांनी विचारलं, "काय मारलं?" हे म्हणाले, "पेपर." हवालदारांनी पुन्हा विचारलं, तर म्हणाले, "परवाचा. कालचा घरात वाचायचा व्हता." नातीच्या बारशाला मी त्यांना आमच्याकडे घेऊन निघालो, तर हे काखेत कागदांची गुंडाळी घेऊन. एसटीत कंडक्टरने नकाशे आहेत का म्हणून विचारलं, तेव्हा यांनी एक उलगडून खिडकीच्या उजेडात धरला आणि डावी नळी तोंडाशी कशी आवळलेली आहे ते नारायणगावपासून कळंबपर्यंत समजावलं. कंडक्टर भला माणूस. उतरताना मला म्हणाला, "तुमचं लई अवघड हाय, भाऊ."

मी त्यांना एकदाच विचारलं होतं, हे सगळं कशासाठी. ससासुद्धा मारला नाही तुम्ही. त्यावर ते टेप गुंडाळू लागले. मग म्हणाले, "आपल्या हातातनं सुटल्यावर ते कुटं कुटं जातं, हे ठावं नको का? लोकं निस्तं पुढचं बगत्यात." मला ते तेव्हा फार मोठं वाटलं नाही. मला घरी जायचं होतं.

तीन वर्षांपूर्वी भाद्रपद सरता सरता रानडुकरांनी त्यांच्या वस्तीवर कहर केला. शेजारच्या किसनचा भुईमूग तर नांगरल्यासारखा उकरून टाकला. वनखात्याची परवानगी आली, आणि सगळ्या वस्तीत परवाना एकट्या व्याह्यांकडे. किसन येऊन म्हणाला, "मामा, इतकी वर्सं कागदं फाडली, आता एक डुक्कर पाडा." मी नातीला बघायला म्हणून गेलो होतो आणि सापडलो.

सकाळी आठच्या सुमाराला डुकराला उठवायला हाका सुरू झाला. डुक्कर भुईमुगालगतच्या बाजरीत बसलेलं होतं. पोरं पलीकडून डबे वाजवत शिरली. बायकांनी ओढ्याच्या पल्याड थांबायचं असं किसनने बजावलं होतं. व्याही बाजरी संपते तिथल्या मोकळ्या पट्टीसमोर उभे, आणि त्यांच्या डाव्या हाताला बांधावर मी, का ते मला अजून कळलेलं नाही. डबे जवळ येत गेले. मग बाजरी फाटली आणि डुक्कर उघड्यावर आलं. ते क्षणभर थांबलं, अगदी चित्रात काढल्यासारखं आडवं. व्याह्यांची बंदूक खांद्याला लागलेली होती. किसन ओरडत होता, "मारा, मामा, मारा."

त्यांनी बंदूक खाली घेतली.

डुक्कर वळलं आणि बांध धरून निघालं. बांधावर मी होतो. त्यानंतरचं मला एवढंच आठवतं की आभाळ खाली होतं आणि पायातून काटकन आवाज आला. मला उचलायला माणसं धावली, आणि त्या गडबडीत बाजरीतून किसनची बायको मंदा बाहेर आली, हातात डबा, पदर खोचलेला. तिची शेळी सुटली होती म्हणून ती अलीकडे आली होती आणि आलीच आहे तर डबा वाजवू म्हणून आत शिरली होती. "गेलं का?" तिने विचारलं. किसन व्याह्यांच्या समोर उभा राहिला आणि म्हणाला, "हात लटपटला तुमचा. कागुद अंगावर येत न्हाई ना." व्याह्यांनी बंदूक उघडून दोन्ही काडतुसं काढली, खिशात घातली आणि माझ्या डोक्याखाली आपला टॉवेल दिला.

आळेफाट्याच्या दवाखान्यात पायाला प्लॅस्टर घातलं. डॉक्टर गेल्यावर व्याह्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि माझ्या पांघरुणावर पसरला. लाल खुणा माझ्याच हाताच्या होत्या.

"पस्तीस पावलं. एसजी. उजवी नळी. नवातले आत किती?"

"पाच," मी म्हणालो.

"चार भाईर. मंदा बाजरीत व्हती, डुकराच्या मागं पंधरा-एक पावलावर. वारा न्हवता आन् कणसं हालत व्हती. मग पदर दिसला."

मी वर्तुळाबाहेरची ती चार भोकं पुन्हा मोजली. मग म्हणालो, "हवेत बार काढायचा."

"बुजून माघारी बाजरीतच घुसलं असतं. तिच्या अंगावर."

"म्हणून माझ्याकडं सोडलंत?"

"तुमी उघड्यावर व्हता, पावणं," ते अजिजीने म्हणाले. "मला वाटलं तुमी बाजूला व्हाल."

मी त्यांना सांगितलं की हे किसनला आजच्या आज सांगा, नाहीतर मी सांगतो. त्यांनी कागदाची घडी घातली. "न्हाई. त्याला कळलं की तिला कळनार. तिला त्याच बाजरीत कापनीला जायाचंय, जलमभर जायाचंय. भ्या घिऊन कशाला जावं तिनं? मला काय, बोलतील चार दिवस."

चार दिवस कसले, वस्ती अजून बोलते. किसनचा उरलेला भुईमूग डुकरांनी आठवड्यात संपवला, त्याने वर्षभर यांच्या ओट्यावर पाय ठेवला नाही. माझ्या जावयाला पुण्याहून गावी आलं की पारावर ऐकून घ्यावं लागे, आणि ते बिचारं वडिलांवर चिडे. मुलीने मला फोनवर विचारलं, "खरंच घाबरले का हो मामंजी?" मी म्हणालो, मी पडलो होतो, मला काही दिसलं नाही. पुढे निवडणुका आल्या, तेव्हा तालुक्यातल्या सगळ्या परवानेवाल्यांसारखी यांनीही बंदूक ठाण्यात जमा केली. निकालानंतर सगळ्यांनी परत आणली. हे गेले नाहीत. विचारलं तर खांदा दुखतो म्हणतात. खाणीत आता निवडुंग माजलाय. त्यानंतर मला डिसेंबरात कुणी बोलावलं नाही, आणि एसटीने धक्के खात जायचं टळलं याचा आनंद मला वाटायला हवा तितका वाटला नाही.

गेल्या वर्षी मी आपण होऊन गेलो. ओसरीवर दोघेच बसलो होतो. ते थकलेत, माझाही पाय थंडीत ठणकतो. किसनने शेताला विजेच्या झटक्याची तार लावल्यापासून भुईमूग वाचायला लागलाय, अबोलाही सुटलाय. तेवढ्यात मंदा आली, टोपलंभर भाजलेल्या शेंगा घेऊन. तिने टोपलं आमच्यामध्ये ठेवलं, माझ्या पायाची विचारपूस केली आणि व्याह्यांकडे बघून हसत म्हणाली, "खावा मामा. डुकराला भ्यालात ते भ्यालात, शेंगांना तरी भिऊ नका."

"भितो बाई, भितो," व्याही म्हणाले, आणि तेही हसले.

ती ओसरी उतरून बाजरीच्या कडेकडेने निघाली, कुणाला तरी हाक मारत, हात हलवत. माझ्याच्याने राहवेना. तिला परत बोलवावं म्हणून मी तोंड उघडलं, तर व्याह्यांनी सोललेले दाणे माझ्या हातावर ठेवले.

"खावा पावणं," ते म्हणाले. "या वर्सी लई गोड हायेत."

गोड होते खरे.